टेबलाच्या उशाशी उभा असलेला विद्यार्थी



ज्या सिस्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. त्यांच्या हाताखाली किती मुलंमुली तयार झाली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण भूल द्यायला मी खानदेशातल्या कुठल्याही गावी गेले, तरी एखादा ब्रदर हमखास पुढे येऊन सांगतो, ‘मॅडम, मी सिस्टरांच्या हाताखालचा.’ म्हणून आज मला बोलायचंय ते त्यांच्या हाताखालून गेलेल्या आणि आज त्याच वाटेवर असलेल्या मुलांबद्दल. ओटी टेक्निशियनच्या, ॲनेस्थेशिया टेक्निशियनच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: या मुलांची झोप, त्यांचं जेवण, त्यांची लस आणि त्यांचा मान या गोष्टी पेशंटच्या सुरक्षिततेत मोडतात. त्या वेगळ्या खात्यात टाकून, सवड मिळाल्यावर पाहू, असं म्हणता येणार नाही.

ही मुलं कोण, हे सभागृहातल्या डॉक्टर नसलेल्या श्रोत्यांसाठी सांगते. ऑपरेशन झालेल्या माणसाला सर्जनचं नाव पाठ असतं. भूल कुणी दिली ते कधी आठवतं, कधी नाही. पण त्याला स्ट्रेचरवरून टेबलावर कुणी घेतलं, कमरेत इंजेक्शन देताना त्याचे खांदे धरून ‘पाठ मांजरासारखी वाकवा’ असं कानाशी कुणी सांगितलं, हे त्याला कधीच कळत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकलची पदवी तीन वर्षांची, आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. डिप्लोमाचे अभ्यासक्रम वेगळे. कित्येक वर्षं या कामाला देशपातळीवर कायद्याचा आधारच नव्हता. वॉर्डबॉय म्हणून लागलेला हुशार मुलगा बघून बघून शिकायचा आणि पुढे ओटी सांभाळायचा. त्यातले काही फार तयारीचे होते, त्यांच्याकडून मीही शिकले. २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला आणि शस्त्रक्रिया व भूल तंत्रज्ञानाला त्यात जागा मिळाली. किमान २००० तासांचं शिक्षण ही अट त्या कायद्यात आहे. मला पुढे त्या तासांबद्दलच बोलायचंय.

आधी एक सकाळ बघा. पहिली केस नऊला लागायची असेल तर शेवटच्या वर्षाची मुलगी साडेसातला ओटीत असते. बॉइल्स मशीनचा ऑक्सिजन उघडून प्रेशर बघते. जंबो सिलिंडर भरलेला आहे का, आणि पाना त्याच्याजवळच लटकतोय का, तेही बघते, कारण रात्री कुणीतरी तो हमखास दुसऱ्या खोलीत नेलेला असतो. सक्शनची नळी अंगठ्याने दाबून ओढ येते का ते पाहते. लॅरिंगोस्कोप उघडून दिवा पांढरा लागतो की पिवळा, ते तपासते. पिवळा असेल तर सेल तेव्हाच बदलायचे, पेशंट निळा पडायला लागल्यावर नाही. ट्यूब तीन मापांच्या काढायच्या, प्रत्येकीचा फुगा हवा भरून तपासायचा, एम्ब्यू बॅग हाताशी ठेवायची. टेबलाचं डोकं खाली जातं का, ते हँडल फिरवून बघायचं. ड्रमवरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्यात का पाहायचं, नसतील तर ड्रम परत ऑटोक्लेव्हला. हे सगळं नीट झालं तर कुणाच्याही लक्षात येत नाही. त्यातली एक गोष्ट राहिली, तर मी डॉक्टर म्हणून कितीही शिकलेली असले तरी पेशंटच्या त्या दोन मिनिटांत मला काही करता येत नाही.

आपल्या भागात हे काम जास्त अंगावर येतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. ४ जुलै २०२३ला शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ कंटेनर हॉटेलात घुसला. २२ जानेवारी २०२५ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्स्प्रेसने उडवलं. अशा दिवशी टीव्हीवर कॅज्युअल्टी दिसते. त्याच वेळी आत, जिथे कॅमेरा पोचत नाही, तिथे एकामागून एक टेबल धुऊन पुन्हा लावत असतात ही वीस-एकवीस वर्षांची मुलं. त्यात सातपुड्याच्या पायथ्याचे, चोपडा-यावल-रावेरचे, शिरपूरच्या पाड्यांवरचे पेशंट. सर्जन मराठीत बोलतो, मी मराठीत बोलते, आणि बाई आमच्या तोंडाकडे बघत राहते. मग एखादा मुलगा पुढे होतो. हिरव्या टोपी-मास्कमधून फक्त डोळे दिसत असतात. तो अहिराणीत म्हणतो, ‘भिऊ नको माय, मी आठेच शे.’ बाईची नाडी मॉनिटरवर खाली येताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. ही कला कुठल्याही लॉगबुकात नाही. असायला हवी.

आता तासांबद्दल. शेवटचं वर्ष म्हणजे सरावाचं वर्ष, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात काय होतं? शेजारच्या वॉर्डातून फाइल आण, ब्लड बँकेत धाव, सरांची गाडी कुठे लावलीय बघ, एक्स-रे घेऊन ये. हे तासही तासच धरले जातात, त्यांवरही सही होते. वर्ष संपतं तेव्हा अशा मुलाने शंभर फायली आणलेल्या असतात आणि अवघड श्वासमार्गाची ट्रॉली स्वतः एकदाही लावलेली नसते. याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त धोक्याचं. माणसं कमी म्हणून रात्री त्याच मुलाच्या हवाली अख्खी ओटी. दिवसा हमाल, रात्री इन्चार्ज. मधली पायरी, म्हणजे कुणीतरी शेजारी उभं राहून करवून घेणं, तीच गायब.

आपल्याकडे नवा गोऱ्हा औताला जुंपताना जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात, दोन नवे एकत्र कधी जुंपत नाहीत. इतकी साधी गोष्ट शेतकऱ्याला कळते, तर रुग्णालयाच्या ड्युटीचा तक्ता करणाऱ्याला का कळू नये? ब्रिटनमध्ये ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर म्हणून हेच काम करणाऱ्यांची २००४पासून कायद्याने नोंदणी होते, आणि विद्यार्थी वॉर्डात किंवा थिएटरात असेल तेव्हा त्याचं शिकणं बघायला नेमलेला माणूस असतो. आपल्याकडेही २०२५ साली आयोगाने ॲनेस्थेशिया आणि ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञानासाठी नवा आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला. तो अमलात आणणं म्हणजे नवी पाटी लावणं नव्हे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक नाव ठरवावं लागेल, आणि त्या नावाच्या माणसाला शिकवण्यासाठी वेळ द्यावा लागेल. सिस्टर हे काम वेळ नसताना करत होत्या. सगळ्यांकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही, ठेवूही नये.

मी मघाशी म्हटलं, काम करणाऱ्याची काळजी पेशंटच्या काळजीपासून वेगळी काढता येत नाही. याला इतिहासातला एक ठसठशीत पुरावा आहे. ऑपरेशन करताना डॉक्टर रबरी हातमोजे का घालतात, असं शाळेतल्या मुलाला विचारा. ‘पेशंटला जंतू लागू नयेत म्हणून’ असं तो सांगेल. पण त्यांची सुरुवात तशी झालेली नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झालं. तिथले मोठे सर्जन विल्यम हॉल्स्टेड. त्यांच्या थिएटरची प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्पटन. तेव्हा हात जंतुमुक्त करायला पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण वापरत, आणि त्याने त्यांच्या हातांची कातडी सोलून निघाली. त्या काम सोडायच्या बेतात होत्या. हॉल्स्टेडनी गुडइयर रबर कंपनीला लिहून त्यांच्या हातांच्या मापाचे पातळ मोजे करवून घेतले. पुढे दोघांचं लग्न झालं, तो भाग सोडून देऊ. महत्त्वाचं ते पुढे घडलं. मोजे मदतनिसांनी घातले, मग हळूहळू सर्जननी घातले, आणि त्याच रुग्णालयातल्या जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ साली हर्नियाच्या शेकडो ऑपरेशनांची आकडेवारी मांडून दाखवलं की मोजे वापरल्यापासून जखमा पिकण्याचं प्रमाण झपाट्याने घटलं. एका सिस्टरची कातडी वाचवायला निघालेल्या माणसाने जगभरच्या पेशंटांचे जीव वाचवले. थिएटरमध्ये काम करणाऱ्यांसाठी मी जेव्हा जेव्हा काही मागते आणि ‘पेशंटचं बजेट आहे, स्टाफचं नाही’ असं उत्तर येतं, तेव्हा मला ते मोजे आठवतात.

त्या मोज्यांतूनही सुई आत जातेच. पहाटे चारला, सिझर संपल्यावर, कागद आणि चादरींच्या ढिगात राहिलेली सुई. शेवटच्या वर्षाची मुलं टोचून घेतात आणि सांगत नाहीत, कारण सांगितलं तर ‘लक्ष कुठं होतं?’ हाच पहिला प्रश्न येतो. म्हणून आज इथे मोठ्याने सांगते. पेशंटला एचआयव्ही असेल तर एका टोचण्याने लागण होण्याचा धोका साधारण ३०० त एक. हिपॅटायटिस बी असेल आणि तुम्ही लस घेतलेली नसेल, तर १०० त ६ ते ३०. दोन्हींवर उपाय आहे. जखम साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची, ७२ तासांनंतर ती देण्यात अर्थ राहत नाही, आणि सुरू केली की २८ दिवस घ्यायची. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासायची, १० च्या वर असली म्हणजे लस लागली. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्यात सुरक्षित कामाची जागा आणि ही प्रतिबंधक औषधं देणं बंधनकारक आहे. पण विद्यार्थी ‘कर्मचारी’ नाही म्हणून त्याचं कार्ड कुणी तपासत नाही. सुई मात्र त्याचं नाव हजेरीपटावर आहे का, ते बघून टोचत नाही.

तेच सी-आर्मचं, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राचं. मांडीचं हाड बसवताना खोलीत शिशाचे ॲप्रन किती आणि माणसं किती, हे एकदा मोजा. उरलेला माणूस बहुधा विद्यार्थी असतो, आणि रेडिएशन मोजणारा बॅजही बहुधा त्याच्याच छातीवर नसतो. ‘तू जरा मागे उभा राहा’ म्हणतात. मागे उभं राहिल्याने मात्रा खूप कमी होते, हे खरं. पण त्याला पाय धरायला सांगितलेलं असतं, मग तो मागे कसा जाणार?

झोपेबद्दल बोलताना मला चीड येते, आणि ती मी लपवणार नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत महामार्गावर पोलीस गाडी अडवतील, त्याहून वाईट अवस्थेत आपण एका मुलीला औषधांच्या अँप्युल फोडायला देतो. सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्युल, बारीक अक्षरं, आणि तिचा डबल ड्युटीचा दुसरा टप्पा. आणि सकाळी तीच मुलगी स्कूटी काढून वीस किलोमीटरवरच्या गावी घरी जाते, केळीचे ट्रक धावत असतात त्या रस्त्याने. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक दिवस सुट्टी सुचवली. ७४ हा आकडाही मला जास्त वाटतो. पण निदान कुणीतरी आकडा लिहिला. टेक्निशियनच्या विद्यार्थ्यांसाठी तसा आकडा माझ्या पाहण्यात नाही.

जेवणा-पाण्याचं काय सांगू? मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. थिएटरमध्ये एसी असतो, ऑटोक्लेव्हच्या खोलीत नसतो. केस लांबते, पाणी प्यायचं राहतं, आणि मुली तर मुद्दामच पाणी पीत नाहीत, कारण बाहेर जायला सोडणारं कुणी नाही. कित्येक ठिकाणी मुलींना कपडे बदलायला वेगळी खोलीसुद्धा नसते. मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन येणाऱ्या मुली मी तपासल्या आहेत. दर तासाला कुणीतरी दहा मिनिटं त्यांची जागा घ्यावी, तो टाळायला एवढंही पुष्कळ उपयोगी पडतं.

आणि मान. हा विषय जळगावात टाळून चालणार नाही. डॉ. पायल तडवी आपल्या जिल्ह्यातली मुलगी, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत असलेली. २२ मे २०१९ रोजी मुंबईत तिने आयुष्य संपवलं. वरिष्ठांनी जातीवरून छळ केला, अशी तिच्या घरच्यांची तक्रार. खटला न्यायालयात आहे, त्यामुळे त्यावर निवाडा देणं माझं काम नाही. पण तिच्या आई आबेदा तडवी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या, शिक्षणसंस्थांमधला भेदभाव थांबवायला व्यवस्था मागायला. डॉक्टर असलेल्या मुलीची ही स्थिती, तर थिएटरच्या उतरंडीत सगळ्यात खाली असलेल्या इंटर्नची काय असेल, याचा विचार करा. ‘ए ओटी’ म्हणून हाक. इन्स्ट्रुमेंट चुकीचं दिलं तर ते फेकून देणं. आडनाव विचारून मग कामं वाटणं. याला शिस्त म्हणणारे माझ्या पिढीत आहेत. मी त्यांना सांगते, घाबरलेलं माणूस गप्प बसतं. आणि थिएटरमध्ये गप्प बसलेला माणूस पेशंटला महाग पडतो.

याचं एक उदाहरण माझ्यासमोर घडलेलं. आतडं फुटलेला पेशंट, रात्रीची केस, पोट पुवाने भरलेलं. सर्जन चांगले, पण थकलेले. पोट शिवायला घेताना मॉप मोजायचे असतात. मॉप म्हणजे हातरुमालाएवढा कापडाचा तुकडा, त्याला शेपटासारखी पट्टी शिवलेली. शेवटच्या वर्षाची मुलगी म्हणाली, ‘सर, एक कमी आहे.’ सर म्हणाले, पुन्हा मोज. तिने जमिनीवर चादर अंथरून, दोन-दोन करून मांडून मोजले. ‘सर, एकच कमी येतोय.’ बादलीत असेल, शिवू दे. तिने बादली उलटी केली, कॉटरीच्या वायरीखाली पाहिलं, आणि तिसऱ्यांदा, आवाज कापत असताना, म्हणाली, ‘सर, बाहेर नाहीये.’ सर्जनने सुई ठेवली आणि हात आत घातला. मॉप प्लीहेच्या मागे होता. रक्ताने भिजलेला मॉप आतड्याच्याच रंगाचा दिसतो.

तिला तिसऱ्यांदा बोलायचं बळ कुठून आलं? तिथल्या इन्चार्ज आपल्या सिस्टर होत्या. त्यांचा एक नियम होता: रोज सकाळी पहिल्या केसआधी थिएटरमधल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. सर्जननेही. पुष्कळांना ते पोरकट वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी काढली, त्यात हाच मुद्दा आहे. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, दिल्ली त्यांपैकी एक. २००९ साली निष्कर्ष छापून आले: ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, मोठ्या गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. एकदा स्वतःचं नाव सर्वांसमोर उच्चारलेला माणूस नंतर अडचण दिसली तर बोलतो, असं गावंडेंनीही लिहिलं आहे. सिस्टरांनी ते निष्कर्ष वाचले होते की नाही, कोण जाणे. त्यांना माणसं कळत होती.

एक गोष्ट राहिली. टेबलावरच पेशंट दगावतो तेव्हा नातेवाइकांशी सर्जन बोलतो, कागदपत्रं मी करते, आणि देह स्वच्छ करून चादर घालायचं काम त्या मुलांकडे येतं. मग टेबल पुसून पुढची केस. वीस वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा पाहिलेला मृत्यू असा पंधरा मिनिटांत आवरला जातो. त्या दिवशी ड्युटी संपायच्या आत सगळ्यांनी एकत्र बसायचं, काय झालं ते बोलायचं, ‘तुझ्या हातून काही चुकलं नाही’ हे, खरं असेल तर, स्पष्ट शब्दांत सांगायचं. चुकलं असेल तर तेही, पण शिकवण्याच्या आवाजात. आणि ज्याला रात्री झोप येत नाही त्याने टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर बोलावं. तो फोन चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर लिहून घ्या, मी थांबते.

सभागृहात रुग्णालयांचे चालक बसले आहेत. माझी मागणी मोठी नाही. लवकरच नवी बॅच थिएटरमध्ये येईल. तिच्या पहिल्या दिवशी एवढं करा. लसीचं कार्ड बघा, डोस राहिला असेल तर त्याच दिवशी द्या. कुठल्या सीनियरच्या जोडीला आहे, ते नाव पांढऱ्या फळ्यावर लिहा, आणि त्या शेजारी विद्यार्थ्याचंही पूर्ण नाव लिहा. सुई टोचली तर रात्री दोनला कुठल्या कपाटात औषधं आहेत आणि किल्ली कुणाकडे आहे, ते कपाट उघडून दाखवा. नाइटनंतर घरी कसं जाणार, हे विचारा. दूरचं गाव असेल तर झोपायला एक खाट द्या. स्टायपेंड किती आणि कुठल्या तारखेला, हे कागदावर लिहून हातात द्या. आणि पहिल्या केसआधी त्याला त्याचं नाव सांगायला लावा, मग तुम्हीही तुमचं सांगा.

आता प्रश्न घेते. पहिले प्रश्न विद्यार्थ्यांचे.